ते वाक्य मागे घ्या

मुलाखतीचं पत्र इंग्रजीत होतं, म्हणून मनकर्णानं ते आधी मनात वाचलं आणि मग बाबांना मराठीत सांगितलं. चंद्रपूरच्या बाहेर, मूल रस्त्याला, धानाच्या कोंड्यातून तेल काढणारी एक कंपनी होती. त्या कंपनीनं नवी संशोधन प्रयोगशाळा उघडली होती आणि तिथं एक कनिष्ठ रसायनतज्ज्ञ हवा होता. अठरा जानेवारी १९८६, सकाळी साडेअकरा. सगळी मूळ प्रमाणपत्रं आणावीत.

सोमाजी उंदीरवाडे वडशाच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. ऐकता ऐकता त्यांचा घास हातातच राहिला.

"आमच्या मिलचा कोंडा तिथीच जाते," ते म्हणाले. "चांगली जागा हाये. पण तिथी तोंड सांभाळून बोलजो, मनू. मालकाचं अन् त्याइचं रोजचं काम हाये."

"मी कोणाले काय म्हणते, बाबा?"

"तू म्हणत नाई, पण तुह्या चेहऱ्यावर दिसते," आई अंजनाबाई आतून बोलल्या आणि हसल्या.

मनकर्णा तेवीस वर्षांची होती. नागपूरच्या वसतिगृहात पाच वर्षं राहून तिनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, पहिल्या वर्गात. शेवटच्या वर्षी तिनं तेल आणि चरबी हा विषय मुद्दाम घेतला. वर्गातल्या मुली औषधांकडे वळल्या, तेव्हा ही कोंड्याच्या तेलावर प्रबंध लिहीत बसली, कारण कोंडा तिच्या ओळखीचा होता. लहानपणी ती बाबांचा डबा घेऊन मिलमध्ये जायची. ताज्या कोंड्याला गोडसर वास असतो आणि दोन दिवसांनी त्याच ढिगाजवळ उभं राहवत नाही, हे तिला पुस्तक उघडण्याआधीपासून माहीत होतं. असं का होतं ते पुस्तकानं सांगितलं, तेव्हा ती हरखली होती.

सतरा तारखेला सकाळी ती वडशाहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसली. हंगाम नाटकांचा होता. रात्रभर नाटक बघून परतणारी माणसं डब्यात एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपली होती. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत गाडी दुपारी चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनात पोचली. त्या दिवशी ती मावशीकडे, गिरजाबाईंकडे राहिली. मावशीनं तिची पांढरी साडी स्वतः इस्त्री करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीबाहेर बाकावर सात उमेदवार बसले होते. सहा मुलगे आणि ती. एकेक जण आत जायचा आणि पाच-सात मिनिटांत बाहेर यायचा. बाहेर आलेला पुढच्याला काही सांगायचा नाही, नुसता खांदे उडवायचा. मनकर्णाचा नंबर शेवटचा होता.

आत तिघं बसले होते. मधोमध मालकांचे जावई, मुंबईहून आलेले, समोर चहाचा कप. त्यांच्या उजव्या हाताला पर्सोनेल मॅनेजर खानझोडे, हातात तिचा अर्ज. डाव्या हाताला मुख्य रसायनतज्ज्ञ गुणवंतराव ढोक, साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. ढोक खिडकीबाहेर बघत होते.

"उंदीरवाडे," खानझोडे अर्जाकडे बघत म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडे उंदीर पकडायचे का?"

जावई हसले. ढोक हसले नाहीत, पण वळलेही नाहीत.

"गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव असावं," मनकर्णा म्हणाली. "नक्की मला माहीत नाही."

"शिक्षण शिष्यवृत्तीवर?"

"हो. आणि पहिल्या वर्गात."

"वडील काय करतात?"

"वडशाला राईस मिलमध्ये मिस्त्री आहेत."

"अरे वा! म्हणजे आमच्याकडे खराब कोंडा पाठवणारे तेच म्हणा!"

पुन्हा हसू. मग लग्न कधी करणार, झाल्यावर नोकरी सोडणार का, चंद्रपुरात एकटी कुठं राहणार, पाळीवर काम करावं लागलं तर घरचे काय म्हणतील. तिनं एकेकाचं उत्तर दिलं. आवाज चढवला नाही. खानझोडेंनी अर्ज बाकीच्या सहा अर्जांवर ठेवला आणि ढीग टेबलावर आपटून सरळ केला.

"ठीक आहे. कळवू आम्ही. तुम्ही येऊ शकता."

मनकर्णा उठली नाही.

"येऊ शकता," खानझोडे पुन्हा म्हणाले.

"तुम्ही मला रसायनशास्त्रातला एकही प्रश्न विचारला नाही," ती म्हणाली.

"आम्हाला जे विचारायचं होतं ते विचारून झालं. आमच्याकडे वेळ कमी आहे."

"मी काल सकाळी घरून निघाले. माझ्याकडे वेळ आहे. माझ्या विषयातला एक प्रश्न विचारा, मग मी उठते."

बाबांचं तोंड सांभाळण्याचं वाक्य तिला आठवलं. पण ती खुर्चीतून हलली नाही.

खानझोडेंनी जावयांकडे बघितलं. जावयांना आता मजा वाटू लागली होती. त्यांनी हातानं खूण केली, विचारा.

"बरं," खानझोडे खुर्चीत मागे रेलले. "पाण्याचं सूत्र सांगा."

"एच टू ओ. आता एम.एस्सी.चा प्रश्न विचारा."

मग पहिल्यांदाच गुणवंतराव ढोकांनी चष्मा नाकावर ओढला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"कोंडा मिलमधून निघाल्यावर तेल काढायला उशीर झाला तर काय होतं?" त्यांनी विचारलं. "आणि का होतं?"

"तेलातलं आम्ल वाढत जातं, सर. दाणा अखंड असतो तोवर तेल एका जागी असतं आणि ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या जागी. धान कांडलं की दोन्ही एकत्र येतात. पहिल्या काही तासांतच फरक दिसतो. उपाय एकच, कोंडा निघाल्या निघाल्या तापवायचा. विकर मेलं की तेल टिकतं. माझा प्रबंध त्यावरच आहे, अर्जासोबत जोडला आहे."

प्रबंध टेबलाच्या कडेला पडून होता. त्याची सुतळीसुद्धा कुणी सोडली नव्हती.

"पुस्तकी झालं," खानझोडे म्हणाले. "आम्हाला हातानं काम करणारा माणूस पाहिजे."

"मग काम द्या," मनकर्णा म्हणाली.

ढोक उठले. "चला. अर्धा-पाऊण तास लागेल," ते जावयांना म्हणाले. जावई म्हणाले, "होऊन जाऊ द्या," आणि दुसरा चहा मागवला.

प्रयोगशाळा नवी कोरी होती. पांढऱ्या फरशा, ओळीनं लावलेल्या बाटल्या, आणि एका कोपऱ्यात काचेची भांडी धुणारे डोमा, पन्नाशीचे, खाकी सदऱ्यातले. ढोकांनी तिच्यापुढं एक छोटी बाटली ठेवली. त्या सकाळी आलेल्या एका ट्रकमधल्या कोंड्याचं तेल होतं. प्रयोगशाळेनं आधीच तपासून आम्ल लिहिलं होतं, दहा पूर्णांक सहा टक्के. कंपनीचा नियम असा होता की आम्ल दहाच्या वर गेलं की ट्रक परत. हा ट्रक तासाभरापूर्वीच परत गेला होता.

"हेच पुन्हा काढून दाखवा," ढोक म्हणाले.

मनकर्णानं पदर खोचला. तेल तोललं. मग अल्कलीच्या द्रावणाची मोठी बाटली उचलली आणि खाली ठेवली. चिठ्ठीवर तयार केल्याची तारीख होती, पाच डिसेंबर. बूच सैल होतं.

"सर, हे दीड महिन्याचं आहे. आधी याची ताकद तपासते."

"चिठ्ठीवर लिहिली आहे."

"चिठ्ठीवर लिहिलेली त्या दिवशीची आहे."

तिनं तपासणीसाठी शुद्ध आम्ल तोललं, ब्युरेट भरली, आणि थेंब थेंब सोडायला लागली. काचेची नळी बोटांत आल्यावर सगळं ओळखीचं झालं. तिनं तीनदा करून बघितलं. द्रावण चिठ्ठीपेक्षा पुष्कळ कमजोर निघालं. हवा लागून लागून त्याचा जोर गेला होता.

मग तिनं तेल तपासलं. शेवटच्या थेंबाला फिकट गुलाबी रंग आला आणि हलवल्यावरही टिकला. तिनं आकडेमोड केली. पुन्हा केली.

"नऊ पूर्णांक चार," ती म्हणाली. "सर, कमजोर द्रावण जास्त लागतं. जास्त लागलं की तेल आहे त्यापेक्षा खराब दिसतं. हा ट्रक परत पाठवायला नको होता."

ढोकांनी तिची आकडेमोड ओळीनं तपासली. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, पण त्या तिच्यासाठी नव्हत्या.

"रजिस्टरमध्ये लिहा," ते हळूच म्हणाले आणि बाहेर गेले.

मनकर्णानं तारीख घातली, नमुन्याचा क्रमांक घातला, द्रावणाची जुनी ताकद आणि नवी ताकद लिहिली, निकाल लिहिला. खाली पूर्ण नाव लिहिलं, मनकर्णा सोमाजी उंदीरवाडे, एम.एस्सी. मग सवयीनं भांडी धुवायला नळाशी गेली.

"ठेवा बाई, मी धुतो," डोमा म्हणाले. मग दाराकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज उतरवला. "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता म्हणून सांगतो. ह्या जागेवर एक पोरगा एक डिसेंबरपासून कामावर हाये. खानझोडे साहेबाच्या नात्यातला. ते बाटली त्यानंच बनवली."

"मंग आम्हाले काऊन बोलावलं, डोमाभाऊ?"

"कागदाले पाह्यजे ना, बाई. सात जण आले होते म्हणून दाखवाले."

ती हातातलं भांडं पुसत राहिली. ते पुसून कोरडं झालं होतं तरी पुसत राहिली. मग ते जागेवर ठेवून कचेरीत गेली. ढोक आपल्या खुर्चीत बसले होते, पुन्हा खिडकीकडे तोंड करून. खानझोडे आता जरा गोड झाले होते.

"हुशार आहात. कळवू. आणि असं बघा, पॅकिंगमध्ये आम्हाला मुलींची गरज असते. तिथं हवं तर..."

"मी पॅकिंगसाठी अर्ज केलेला नाही," मनकर्णा म्हणाली. "माझा प्रबंध परत द्या. तो तुम्ही वाचणार नाही."

प्रबंध घेऊन ती बाहेर पडली.

घरी तिनं सगळं सांगितलं. जागा आधीच भरली आहे हेही सांगितलं. सोमाजींनी उसासा टाकला आणि म्हणाले, जाऊ दे, दुसरी पाहू. तिनंही तेच ठरवलं होतं. आठ-दहा दिवस वाईट गेले, मग तिनं नवे अर्ज टाकायला सुरुवात केली.

फेब्रुवारीच्या मध्यावर कंपनीचं पत्र आलं. टंकलिखित, चार ओळींचं. तिसरी ओळ वाचून मनकर्णा उंबऱ्यातच बसली.

"काय लिवलं त्याइनं?" अंजनाबाई तांदूळ पाखडत होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"म्हणतात, माहं प्रात्यक्षिक ज्ञान कमी पडलं. म्हणून घेत नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे मले हातानं काम करता येत नाई."

सोमाजी म्हणाले, "नाई म्हणाचंच होतं त्याइले. काही तरी लिहाच लागते. फाडून टाक."

"अशी कशी फाडते?" अंजनाबाई उसळल्या. "नोकरी त्याइची हाये, द्या नाईतर देऊ नका. पण हे खोटं हाये ना? पोरीनं तिथी उभं राहून करून दाखवलं ना? मंग खोटं काऊन राहू द्याचं?"

"अंजना, मिलचा कोंडा तिथी जाते..."

"कोंड्याचं कोंड्याजवळ. मी माह्या पोरीचं बोलून राह्यली."

मनकर्णानं त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं. अठरा जानेवारीच्या रजिस्टरची नोंद पाहावी, असं लिहिलं. आपण जागा कुणालाही द्यावी, परंतु माझे प्रात्यक्षिक ज्ञान अपुरे आढळले हे विधान असत्य आहे, ते मागे घेऊन तसे लेखी कळवावे. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी तिनं तेच पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचपावती आली, उत्तर नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती पुन्हा छोट्या गाडीत बसली. या वेळी अंजनाबाई सोबत होत्या. सोमाजींनी जाऊ नका म्हटलं होतं, आणि मग स्टेशनवर येऊन पाण्याची सुरई खिडकीतून आत दिली होती.

फाटकावरच्या चौकीदारानं त्यांना अडवलं. अपॉइंटमेंट नाही, आत जाता येणार नाही. मनकर्णानं चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी आत गेली आणि आतच राहिली. दोघी फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली बसल्या. दहा वाजता बसल्या, संध्याकाळी पाचला कामगार सुटले तेव्हा उठल्या. गुणवंतराव ढोक स्कूटरवरून गेले. त्यांनी बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

रात्र गिरजाबाईंकडे काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऊन तापायला लागलं होतं. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक गेले की दोघींच्या साड्यांवर काळी धूळ बसायची. दुपारी चौकीदार आपणहून पाणी घेऊन आला.

"बाई, असं बसून काही होत नाई," तो म्हणाला.

"झालं नाई तं उद्या येऊ," अंजनाबाई म्हणाल्या. "माह्या घरी धानाचा रोवणा नाई आता. मी मोकळी हाये."

तिसऱ्या दिवशी सकाळी वडशाहून कोंड्याचा ट्रक आला. ड्रायव्हर इसरू सोमाजींच्याच मिलचा होता. त्यानं अंजनाबाईंना ओळखलं आणि ट्रक फाटकाबाहेरच थांबवून खाली उतरला.

"काकू, तुम्ही इथी? काय झालं?"

अंजनाबाईंनी मुलीकडे बघितलं. बाबांची नोकरी, मिलचा मालक, सगळं मनकर्णाच्या डोळ्यांपुढून गेलं. पण त्यानं विचारलं होतं, आणि जे झालं ते झालं होतं. तिनं सरळ सांगितलं. अठरा जानेवारीची मुलाखत, द्रावण, दहा पूर्णांक सहाचे नऊ पूर्णांक चार, आणि नंतर आलेलं पत्र.

"अठरा जानेवारी?" इसरू म्हणाला. "ताई, त्या दिवशी माहाच ट्रक वापस पाठवला होता. मालक मलेच म्हणे, रस्त्यात उशीर केला असन. मी कुठी थांबलोच नव्हतो."

तो फाटकाशी गेला आणि चौकीदाराला म्हणाला, "मी ट्रक आत नेत नाई. पह्यले साहेबाले विचारून ये, माप बरोबर हाये का." त्याच्यामागे ब्रह्मपुरीचा ट्रक उभा होता, त्याच्यामागे आणखी एक. हॉर्न वाजले. मागचे ड्रायव्हर उतरून आले, त्यांना इसरूनं सांगितलं, आणि तेही तिथंच उभे राहिले. त्यांचेही ट्रक त्या हिवाळ्यात परत गेले होते.

वीस मिनिटांत मनकर्णाला आत बोलावणं आलं. अंजनाबाईंना चौकीदारानं अडवायला हात पुढं केला, आणि मग खाली घेतला. दोघी आत गेल्या.

खानझोडेंच्या खोलीत पंखा फिरत होता. ढोक भिंतीशी उभे होते. जावई नव्हते.

"बसा, बसा," खानझोडे म्हणाले. "एवढं ताणायची गरज नव्हती. तुम्ही आमच्या मुलीसारख्या. हे बघा, प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी तात्पुरती जागा काढता येईल. उद्यापासून या."

अंजनाबाईंनी पदर सावरला. मनकर्णाला प्रयोगशाळा आठवली. पांढऱ्या फरशा, ब्युरेट, स्वतःचं टेबल. ती खोटं का बोलेल, तिला ते सगळं हवं होतं.

"फक्त एक करायचं," खानझोडेंनी कागद पुढं सरकवला. "ती जानेवारीची नोंद. ती तुम्ही सराव म्हणून केली होती, आकडा खात्रीचा नाही, एवढं लिहून सही द्या. बाहेर ड्रायव्हर लोकांना काही कळत नाही, उगाच गैरसमज होतो."

मनकर्णानं कागद वाचला. पुरता वाचला. मग तो उलटा करून त्यांच्याकडे परत सरकवला.

"आकडा खात्रीचा आहे."

"अहो, नोकरी देतोय मी तुम्हाला!"

"नोकरी मी मागायला आलेली नाही. मागायला आले होते तेव्हा तुम्ही माझ्या आडनावावर हसलात. आता मला एवढंच पाहिजे, पत्रातलं ते वाक्य मागे घ्या. जागा भरली म्हणून घेतलं नाही, असं खरं लिहा. मी घरी जाते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर उद्या मी परत त्या झाडाखाली बसेन, आणि कोणी विचारलं तर खरं सांगेन. आज तिघांना कळलं."

खानझोडेंनी ढोकांकडे बघितलं. "ढोकसाहेब, तुम्ही सांगा यांना. ती नोंद कितपत..."

गुणवंतराव ढोकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. त्यांना तीन वर्षांत निवृत्त व्हायचं होतं.

"नोंद बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः करून बघितली. नऊ पूर्णांक तीन आली मला." ते थांबले. "मी हे तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"हो," मनकर्णा म्हणाली. "बोलायला पाहिजे होतं."

तिनं त्यांना माफ केलं नाही, आणि माफ केल्यासारखं दाखवलंही नाही. ढोकांनी मान खाली घातली.

टायपिस्टला बोलावलं गेलं. नवं पत्र यायला दहा मिनिटं लागली. मनकर्णानं वाचलं. पहिलं पत्र रद्द समजावं, पद आधीच भरलेलं असल्यामुळे आपला विचार होऊ शकला नाही, अठरा जानेवारीला आपण केलेलं प्रात्यक्षिक समाधानकारक होतं.

"आडनावात एक अक्षर चुकलं आहे," ती म्हणाली.

"पेनानं दुरुस्त करतो."

"नाही. पुन्हा टाइप करा."

ते पुन्हा टाइप झालं. खानझोडेंनी सही करताना पेन असा दाबला की कागद फाटता फाटता राहिला. बाहेर इसरू ट्रकला टेकून उभा होता. त्याचा नमुना त्या दिवशी ढोकांनी स्वतः, नवं द्रावण करून तपासला, आणि ट्रक रिकामा झाला.

परतीच्या गाडीत अंजनाबाईंनी पत्र उघडून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचून दाखव. पुरं." मनकर्णानं इंग्रजीतून मराठी करत एकेक ओळ वाचली. समोरच्या बाकावरची दोन अनोळखी माणसंही ऐकत होती.

"म्हंजे नोकरी नाई भेटली," अंजनाबाई म्हणाल्या.

"नाई भेटली."

"वाईट वाटून राह्यलं?"

"हो." मनकर्णानं खिडकीबाहेर बघितलं. सिंदेवाहीजवळचं जंगल लागलं होतं, पळस फुलला होता. "लय वाईट वाटून राह्यलं, माय. मले ते काम पाह्यजे होतं."

अंजनाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि नागभीड येईपर्यंत सोडला नाही.

सोमाजींच्या मालकानं त्यांना बोलावून घेतलं खरं, पण रागावण्यासाठी नाही. तुमच्या मुलीनं त्या दिवशी नेमकं काय तपासलं, ते त्याला समजून घ्यायचं होतं. सोमाजी म्हणाले, मले सांगता येत नाई, तिलेच इचारा. मालक घरी आला आणि ओसरीवर बसून त्यानं तासभर ऐकलं.

जूनमध्ये मनकर्णाला आणखी एका मुलाखतीचं बोलावणं आलं. एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचं होतं, तासावर, आठवड्याला चौदा तास. प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी तिची प्रमाणपत्रं पाहिली, विषयातले चार-पाच प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "आम्हाला तुम्ही पसंत आहात. कधीपासून येता?"

"आधी मला प्रयोगशाळा बघू द्या," मनकर्णा म्हणाली.

प्राचार्य जरा चपापले. शिपायाकडून किल्ली मागवली गेली. आत टेबलं होती, बाटल्या होत्या, तराजूही होता. तिनं नळ फिरवून पाहिला. नुसती हवा आली.

"पाणी नाही, सर."

"मुलं बादलीनं आणतात."

"बादलीनं प्रयोग होत नाहीत. नळाला पाणी आलं की कळवा, मी येते."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सोमाजींनी कपाळाला हात लावला. पाणी पंधरा दिवसांनी आलं. सोळाव्या दिवशी ती रुजू झाली.